किशोरवयाचे दाहक वास्तव दाखवणारा चित्रपट एकत्र कसा पाहावा आणि प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया कशा ऐकाव्यात

शहरातल्या तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींचे जगणे, त्यातली नशा, मारामाऱ्या, घरातला मार, शरीराबद्दलचे कुतूहल आणि गुन्हेगारीचे आकर्षण आडपडदा न ठेवता दाखवणारा चित्रपट संपला, की इंदूरच्या मराठी घरांत बहुधा दोनच वाक्ये ऐकू येतात. मोठ्यांपैकी कोणीतरी म्हणते, "हे असं दाखवायची काय गरज होती?" मुलांपैकी कोणीतरी मोबाइल उघडता उघडता म्हणते, "ठीक थी." मग पाने मांडली जातात आणि विषय तिथेच मिटतो. रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर अशा वस्त्यांतील मंडळे, वाचनकट्टे, शिक्षक आणि सोसायट्यांतील पालकगट असे चित्रपट एकत्र पाहण्याचे ठरवतात, तेव्हाही सगळी मेहनत चित्रपट मिळवण्यावर आणि प्रोजेक्टर जुळवण्यावर खर्च होते. तो संपल्यानंतर काय करायचे याचा विचार कोणी केलेला नसतो. वास्तविक अशा चित्रपटाचा खरा उपयोग त्यानंतरच्या तासाभरात होतो, आणि तो होण्यासाठी माझ्या मते एक नियम सर्वांत महत्त्वाचा आहे: ज्यांच्या वयाचा चित्रपट आहे, त्यांनी आधी बोलावे आणि मोठ्यांनी तोवर ऐकावे. पुढील सर्व सूचना या एका नियमाला धरून आहेत.

चित्रपट निवडताना

सर्वप्रथम सेन्सॉर मंडळाचे प्रमाणपत्र पाहावे. चित्रपटाच्या सुरुवातीला काही क्षण दिसणारा हा कागद आपण सहसा वाचत नाही, पण सार्वजनिक प्रयोगाच्या दृष्टीने तोच निर्णायक असतो. 'ए' प्रमाणपत्र असलेला चित्रपट अठरा वर्षांखालील प्रेक्षकांना सार्वजनिक ठिकाणी दाखवता येत नाही, मग तो त्याच वयाच्या मुलांबद्दल असला तरीही. किशोरांवरचे बरेचसे परखड चित्रपट या पेचात सापडतात: ज्यांची कथा आहे त्यांनाच पाहण्याची मुभा नसते. हा नियम कोणाला जाचक वाटला, तरी मंडळाच्या सभागृहात तो पाळावाच लागतो. पालकांची संमती आहे एवढे कारण तिथे चालत नाही. २०२३ साली सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाली आणि पालकांच्या मार्गदर्शनाखाली मुलांनी पाहण्याच्या जुन्या 'यूए' वर्गाचे 'यूए ७+', 'यूए १३+' आणि 'यूए १६+' असे तीन भाग करण्यात आले. हे वयाचे आकडे पालकांना मार्गदर्शन म्हणून आहेत, त्यामुळे 'यूए १६+' चित्रपट पंधरा वर्षांच्या मुलीला दाखवायचा की नाही, हा निर्णय तिच्या आईवडिलांचा असतो आणि तो त्यांना आधी विचारूनच घ्यावा. या बदलाच्या आधीच्या चित्रपटांवर नुसते 'यूए' असते. तेथे आकड्याचा आधार नसल्यामुळे संयोजकाने स्वतः चित्रपट पाहून वय ठरवावे.

'ए' प्रमाणपत्राचा चित्रपट वगळायचाच, असे मात्र नाही. तो केवळ पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी ठेवावा. असा प्रयोग मुलांच्या प्रयोगाच्या आधी झाला, तर मोठ्यांचा पहिला धक्का मुलांच्या देखत व्यक्त होत नाही, हा त्याचा मोठा फायदा असतो.

विषय कोणता घ्यावा, याबाबत माझे मत स्पष्ट आहे. पहिल्याच वेळी टोळीयुद्धाचा किंवा खुनाचा चित्रपट घेऊ नये. त्यात सगळ्यांना "हे आपलं नाही" असे म्हणून सुटका करून घेता येते. घराच्या आत घडणारी कथा घ्यावी. विक्रमादित्य मोटवाने यांचा २०१० सालचा 'उडान' हे याचे चांगले उदाहरण आहे. वसतिगृहाच्या शाळेतून काढून टाकलेला मुलगा जमशेदपूरला वडिलांकडे परततो. त्याला लेखक व्हायचे असते, आणि वडील त्याला कारखान्याच्या कामाला व अभियांत्रिकीच्या अभ्यासाला जुंपतात, मारतात, अपमान करतात. भंवरकुआँ परिसरात ज्यांच्या मुलांचे दिवस शिकवणी वर्गांत जातात, त्या घरांना हे वातावरण समजावून सांगावे लागत नाही.

परवानगी, जागा आणि वेळ

घरच्या ओटीटी खात्यावरून सभागृहात चित्रपट दाखवणे हा सार्वजनिक प्रयोग ठरतो आणि त्यासाठी हक्कधारकाची परवानगी लागते. निर्मात्याला किंवा वितरकाला पत्र लिहून, प्रेक्षकसंख्या सांगून, तिकीट नसल्याचे कळवून परवानगी मागावी. ती लेखी मिळेपर्यंत कार्यक्रम जाहीर करू नये. एका कुटुंबाने आपल्या घरी, आपल्या मुलांबरोबर पाहणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि पुढील बहुतेक सूचना तिथेही लागू पडतात.

प्रेक्षक वीस ते पंचवीसच असावेत. त्याहून अधिक झाले, की चर्चेचे भाषण होते. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांच्या कार्यक्रमात असा चित्रपट मुळीच ठेवू नये. तेथे चार वर्षांच्या नातवापासून ऐंशीच्या आजोबांपर्यंत सगळे येत-जात असतात आणि कोणीही मधलाच एखादा प्रसंग पाहून घरी जातो. रविवारी सकाळी शिकवणी वर्गांच्या चाचण्या असतात, म्हणून दुपारी तीनची वेळ सोयीची पडते. रात्रीचा प्रयोग टाळावा, कारण शेवट होईपर्यंत निम्म्या लोकांचे लक्ष घड्याळाकडे आणि उरलेल्यांचे सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीकडे लागलेले असते. दाराजवळ एक मंद दिवा चालू ठेवावा, म्हणजे ज्याला बाहेर जावेसे वाटेल त्याला अंधारात धडपडत, सर्वांचे लक्ष वेधून घेत जावे लागणार नाही.

संयोजकाची पूर्वतयारी

ज्याने चर्चा चालवायची, त्याने चित्रपट आधी पूर्ण पाहिलेला असावा आणि वहीत वेळेनुसार टिपणे केलेली असावीत: कोणत्या मिनिटाला मारहाण आहे, कुठे नशा आहे, कुठे लैंगिक छळ आहे, कुठे आत्महत्येचा उल्लेख आहे. प्रयोगाच्या आधी याची कल्पना पालकांना आणि मुलांना दोघांनाही द्यावी. कथा सांगू नये आणि शेवट तर मुळीच सांगू नये. फक्त काय दिसणार आहे ते साध्या शब्दांत सांगावे आणि "कोणाला बाहेर जाऊन बसायचं असेल तर कारण विचारलं जाणार नाही" हे वाक्य आवर्जून म्हणावे. या वाक्याने कोणाचा रसभंग होत नाही. उलट ज्याच्या घरात तेच घडते आहे, त्या मुलाला श्वास घ्यायला जागा मिळते.

ट्रेलरवरून आधीच मत बनवून आलेले लोक प्रत्येक वेळी असतात. २०२२ साली प्रदर्शित झालेल्या 'नाय वरन भात लोन्चा कोन नाय कोन्चा' या महेश मांजरेकर यांच्या चित्रपटाबाबत हे ठळकपणे दिसले. प्रदर्शनाआधीच ट्रेलरमधील दृश्यांवर राष्ट्रीय महिला आयोगाने आक्षेप नोंदवला आणि चर्चा त्या दृश्यांभोवतीच फिरू लागली. मुंबईच्या गिरणगावातील कामगारांची पुढची पिढी हिंसेकडे कशी वळते, हा कथेचा गाभा त्या गदारोळात बाजूला राहिला. आक्षेप योग्य होता की अयोग्य, हा स्वतंत्र प्रश्न आहे आणि त्यावर लोकांचे मतभेद राहतील. संयोजकाने मात्र ट्रेलरवरची प्रतिक्रिया आणि चित्रपटावरची प्रतिक्रिया या दोन वेगवेगळ्या गोष्टी म्हणून ऐकाव्यात, आणि बोलणाऱ्याला "हे आपण आज पाहिलं, की आधी ऐकलं होतं?" असे सौम्यपणे विचारावे.

चित्रपट संपल्यानंतरचा तास

दिवे लागल्याबरोबर "कसा वाटला?" असे विचारू नये. या प्रश्नाला उत्तर एकच मिळते आणि ते चांगले किंवा वाईट यांपैकी असते. नामावली पूर्ण होऊ द्यावी, चहा द्यावा, पोहे असतील तर पोहे द्यावेत आणि त्याच वेळी प्रत्येकाच्या हातात अर्ध्या कागदाची चिठ्ठी ठेवावी. चिठ्ठीवर नाव नको. वयाच्या जागी फक्त 'अठराच्या आतील' किंवा 'वरील' एवढी खूण पुरेशी आहे. प्रश्न तीनच असावेत. कोणता एक क्षण डोळ्यांसमोर राहिला आहे? कोणत्या प्रसंगी कोणी वेगळे वागायला हवे होते? आणि चित्रपटात खोटे काय वाटले?

तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे, आणि तो का ठेवावा हे नीट समजून घ्यावे. सोळा वर्षांच्या मुलाला "तुझ्या शाळेत असं होतं का?" असे विचारले, तर तो "नाही" म्हणेल, कारण "हो" म्हटल्यावर पुढचा प्रश्न त्याच्या मित्रांबद्दल आणि त्यानंतरचा त्याच्या स्वतःबद्दल येणार, हे त्याला पक्के ठाऊक असते. त्याच मुलाला "दिग्दर्शकाचं काय चुकलं?" असे विचारले, की तो जाणकार होतो. मुले असे फोनवर बोलत नाहीत, असा मेसेज कोणी पाठवत नाही, तो माल एवढ्या उघडपणे कोणी हातात धरत नाही, मार खाल्लेला मुलगा दुसऱ्या दिवशी वर्गात अशा ठिकाणी बसत नाही, अशा दुरुस्त्या तो भराभर सांगतो. प्रत्येक दुरुस्तीत तो आपल्याला खरे काय आहे ते सांगत असतो, आणि तेही स्वतःबद्दल एक अक्षर न बोलता. मोठ्यांनी अशा वेळी "तुला कसं माहीत?" असे विचारण्याचा मोह कटाक्षाने आवरावा. हा प्रश्न एकदा विचारला गेला, की त्या दिवशीची चर्चा संपली असे समजावे.

चिठ्ठ्या गोळा झाल्यावर संयोजकाने त्या एकदा नजरेखालून घालाव्यात आणि मग मोठ्याने वाचाव्यात, आधी अठराच्या आतील. मग मुलांपैकी ज्यांना बोलायचे असेल त्यांनी बोलावे. निम्मा वेळ होईपर्यंत काका, काकू, मावशी, आजोबा, कोणीही मध्ये बोलायचे नाही. दुजोरा देण्यासाठीसुद्धा नाही. हे ऐकायला कठोर वाटते आणि पहिल्या वेळी ज्येष्ठांना ते अवघडही जाते, म्हणून प्रयोगाच्या आधीच त्यांना सन्मानाने सांगून ठेवावे. आपल्याकडे वडीलधारे बोलले की विषयाचा निकाल लागतो, आणि निकालानंतर साक्ष द्यायला कोणी उभे राहत नाही.

बोलण्याच्या भाषेबद्दलही आग्रह धरू नये. इंदूरची मराठी मुले घरात मराठी बोलतात, पण मित्रांशी, भांडणात आणि प्रेमात त्यांची भाषा हिंदीच असते; "भिया, वो सीन फर्जी था" हे वाक्य त्यांच्या तोंडी जितके सहज येते, तितके त्याचे मराठी रूप येत नाही. मराठी जपण्याची तळमळ मला समजते आणि मी तिच्यात सहभागी आहे, पण ती तळमळ या तासापुरती बाजूला ठेवावी. आणखी एक गोष्ट लक्षात येईल. शिव्या हिंदीत असल्या तर ज्येष्ठ मंडळी कशाबशा सहन करतात, त्याच मराठीत आल्या की त्यांना अंगावर आल्यासारखे होते. मुलांचे बहुतेक वेळा याच्या उलट असते, कारण मराठी शिवी त्यांना रोजच्या ऐकण्यातली नसते आणि मुंबईच्या बोलीतील निम्मे संवाद तर त्यांना समजतही नाहीत. म्हणून मराठी चित्रपट असला तरी उपशीर्षके चालू ठेवावीत, आणि भाषेवरून होणाऱ्या तक्रारी आशयावरच्या तक्रारींपासून वेगळ्या नोंदवाव्यात.

नेहमी येणाऱ्या प्रतिक्रिया आणि त्यांचे काय करावे

"आपल्याकडे असं नसतं." ही प्रतिक्रिया सर्वांत आधी येते आणि तिची परंपरा मोठी आहे. लुईस बुन्युएल यांनी १९५० साली मेक्सिको सिटीतील वस्तीत वाढणाऱ्या मुलांवर 'लोस ओल्विदादोस' हा चित्रपट काढला, तेव्हा देशाची बदनामी झाली म्हणून तिथे एवढा संताप उसळला, की काही दिवसांतच तो चित्रपटगृहातून उतरवावा लागला. पुढच्या वर्षी कान महोत्सवात बुन्युएल यांना दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाल्यावर तोच चित्रपट पुन्हा लागला आणि लोकांनी तो पाहिला. १९५५ साली अमेरिकेतील बेफाम विद्यार्थ्यांवरचा 'ब्लॅकबोर्ड जंगल' त्या देशाच्या इटलीतील राजदूत क्लेअर बूथ लूस यांच्या आक्षेपामुळे व्हेनिसच्या महोत्सवातून मागे घेण्यात आला. दोन्ही ठिकाणी चित्रपटातील मुलांबद्दल बोलण्याऐवजी शहराच्या आणि देशाच्या अब्रूबद्दलच बोलणे झाले. २०१७ पासून वर्षानुवर्षे स्वच्छतेत देशात पहिले आल्याचा आपल्याला रास्त अभिमान आहे, आणि म्हणूनच इंदूरच्या रस्त्यांवर घडणारी अशी कथा उद्या कोणी पडद्यावर आणली, तर आपल्यालाही हाच राग येण्याचा संभव आहे. संयोजकाने हा राग चुकीचा ठरवू नये. "शहराचं बाजूला ठेवू या, त्या मुलाचं काय व्हायला हवं होतं?" असे विचारून बोलणे पुन्हा त्या पात्राकडे आणावे.

गिरणी कामगारांच्या मुलांची कथा असेल आणि कोणी म्हणाले, "हे मुंबईचं आहे", तर मालवा मिल आणि परदेशीपुरा या इंदूरच्याच गिरणी कामगारांच्या भागांची आठवण करून द्यावी. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली आणि तिथल्या कामगारांना थकलेले पैसे मिळायला २०२३ साल उजाडले. त्या बत्तीस वर्षांत त्या घरांतली मुले मोठी झाली, त्यांतली काही शिकली आणि काहींचे शिक्षण सुटले. सभागृहात त्या भागातले कोणी असतील, तर त्यांना बोलण्याची विनंती करावी, पण त्यांच्याकडे बोट दाखवून मात्र नाही.

"ही त्या वस्तीतलीच मुलं." ही प्रतिक्रिया पहिलीची सख्खी बहीण आहे, पण अधिक सावधपणे ऐकावी, कारण तिच्यात वर्ग असतो आणि पुष्कळदा जातही असते. मराठी प्रेक्षक पात्राचे आडनाव चटकन टिपतो आणि त्यावरून पुढचे सगळे ठरवून टाकतो. यावर व्याख्यान देऊन उपयोग होत नाही. त्याऐवजी चित्रपटातील असा प्रसंग आठवायला सांगावा, जो बंद दाराच्या घरात, शाळेच्या स्टाफरूममध्ये किंवा गाडीच्या मागच्या सीटवर घडतो. अशा चित्रपटांत तो जवळजवळ नेहमीच असतो आणि बोलणाऱ्याच्या नजरेतून निसटलेला असतो.

"आईचं लक्ष नाही, म्हणून." हे वाक्य आले, की वडील शेवटचे कोणत्या प्रसंगात दिसले होते, ते सर्वांना आठवायला सांगावे. एवढ्याने पुष्कळ होते. वडील दिसतात अशा चित्रपटात वेगळीच अडचण येते: 'उडान'सारख्या कथेत मारणाऱ्या बापाचीही बाजू घेणारे लोक निघतात, "शेवटी पोराच्या भल्यासाठीच ना!" असे म्हणतात, आणि ते म्हणताना त्यांच्या शेजारी त्यांचाच मुलगा बसलेला असतो. संयोजकाने इथे वाद घालू नये, मात्र मुलाकडे पाहूही नये. हा विचार कोणत्या प्रसंगातून आला, एवढेच विचारून पुढे जावे. कदाचित त्या मुलाचीच निनावी चिठ्ठी आपण आधी वाचलेली असते.

हसणे. मारहाणीच्या किंवा शरीरसंबंधाच्या प्रसंगात मागच्या रांगेतील मुले हसतात आणि मोठे लोक चिडतात. हे हसू बहुतेक वेळा अवघडलेपण झाकण्यासाठी असते, म्हणून प्रयोग थांबवून दम देऊ नये. नंतर "तिथे हसू का आलं असेल?" असा प्रश्न सर्वांना, मोठ्यांसह, विचारावा. क्रूरपणाचे हसूही असते. ते ओळखू येते, कारण ते एकाच पात्राच्या वाट्याला पुनःपुन्हा येते, बहुधा जाड्या मुलाच्या, बायकी म्हणून चिडवल्या जाणाऱ्या मुलाच्या किंवा 'वाईट चालीची' ठरवलेल्या मुलीच्या. अशा वेळी चर्चा त्या पात्रापासूनच सुरू करावी.

मुलींचे गप्प राहणे याला मी सर्वांत गंभीर प्रतिक्रिया मानतो. छेडछाडीचा किंवा जबरदस्तीचा प्रसंग असलेल्या चित्रपटानंतर ओळखीचे काका, दादा आणि वर्गातले मुलगे समोर बसलेले असताना पंधरा वर्षांची मुलगी बोलणार नाही, आणि तिने बोलावे अशी अपेक्षा करणेही योग्य नाही. चहाच्या वेळी एखाद्या ताईने किंवा मावशीने मुलींबरोबर वेगळे बसावे. तिथे झालेले बोलणे मोठ्या बैठकीत कोणी, कितीही चांगल्या हेतूने, सांगू नये.

नायकपूजा. टोळीप्रमुखाचा संवाद दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲप स्टेटसवर झळकतो, आणि पालकांना वाटते की चित्रपटानेच मुलगा बिघडवला. काही चित्रपटांचा यात खरोखर दोष असतो, हे मान्य केले पाहिजे. पार्श्वसंगीत, संथ गती आणि खालून वर पाहणारा कॅमेरा वापरून ते दोन तास ज्याची आरती ओवाळतात, त्यालाच शेवटच्या पाच मिनिटांत मारून टाकतात आणि त्याला संदेश म्हणतात. मुलांना हे दाखवून द्यायचे असेल, तर उपदेश न करता मोजायला सांगावे: त्या पात्राचा रुबाब किती प्रसंगांत होता, आणि त्याच्या हातून मेलेल्या मुलाच्या घरचे लोक किती प्रसंगांत दिसले? मुले हे मोजण्याचे काम आवडीने करतात आणि निष्कर्ष स्वतःच काढतात. तो आपल्याला हवा तसा नसला, तरी त्यांचाच राहू द्यावा.

ज्येष्ठांची प्रतिक्रिया शेवटी घ्यायची असली, तरी ती घाईत उरकू नये. मधल्या पिढीपेक्षा आजी-आजोबा पुष्कळदा मोकळेपणाने बोलतात. त्यांच्या लहानपणीचा मार, लवकर झालेली लग्ने, वाड्यातील एखाद्या मुलीबद्दल दबक्या आवाजात बोलली गेलेली गोष्ट, हे सगळे त्यांना आठवते. आजीने असे काही सांगितले, की नातवंडे मोबाइल खाली ठेवून ऐकतात. मधल्या पिढीला मात्र आपण चांगले पालक आहोत की नाही, याचा निकाल लागतो आहे असे वाटत राहते, आणि त्या धास्तीपोटी ती सर्वांत जास्त बोलते.

मोठ्यांनी ऐकण्याचा आग्रह का, हे पटवून द्यायचे असेल, तर मार्च २०२५ मध्ये आलेल्या 'ॲडोलसन्स' या चार भागांच्या ब्रिटिश मालिकेचा दाखला द्यावा. तेरा वर्षांच्या मुलावर शाळेतील मुलीच्या खुनाचा आरोप येतो आणि तपास करणारा पोलीस अधिकारी मुलांच्या मेसेजमधील चिन्हांचा अर्थ सरळ लावत राहतो. त्यांचा खरा अर्थ त्याला त्याच शाळेत शिकणारा त्याचा स्वतःचा मुलगा समजावून सांगतो. ब्रिटनमध्ये ही मालिका माध्यमिक शाळांना विनामूल्य उपलब्ध करून देण्यात आली. आपल्याकडे ती पालकांनी आधी स्वतः पाहावी असे मला वाटते.

"बघून काय करायचं?" हा प्रश्न वैतागातून विचारला जातो, पण तो चांगला प्रश्न आहे. १९८८ सालच्या मीरा नायर यांच्या 'सलाम बॉम्बे!'मध्ये रस्त्यावर राहणाऱ्या मुलांनीच भूमिका केल्या होत्या, आणि त्या चित्रपटातूनच रस्त्यावरील मुलांसाठी काम करणारी सलाम बालक ट्रस्ट ही संस्था उभी राहिली. प्रत्येक प्रयोगातून संस्था निघणार नाही. एखाद्या शाळेत समुपदेशक नाही हे लक्षात येणे, एखाद्या गल्लीत संध्याकाळी दिवा लागत नाही हे कळणे आणि त्यासाठी दोन पत्रे लिहिणे एवढे तरी त्याच आठवड्यात व्हावे.

एखादे मूल स्वतःबद्दल बोलू लागले तर

असे कधीतरी होते, आणि त्यासाठी आधीच तयार असावे. चर्चेच्या मध्येच एखादे मूल "माझ्याबरोबर पण" असे म्हणाले, तर त्याला सर्वांसमोर पुढे बोलायला लावू नये. "तू सांगितलंस हे चांगलं केलंस, आपण दोघे आत्ता बाहेर बसू" असे म्हणून एका विश्वासू मोठ्या व्यक्तीने त्याला शांत जागी न्यावे. प्रश्नांची सरबत्ती करू नये, तपशील खोदून विचारू नयेत, आणि "कोणाला सांगणार नाही" असे वचन देऊ नये, कारण ते पाळता येईलच असे नाही. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले किंवा तशी आशंका असली, तर २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. संशयित ओळखीचा, नात्यातला किंवा मंडळातला असला तरीही. मुलांसाठीची १०९८ ही मदतवाहिनी आणि मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस १४४१६ ही मदतवाहिनी दोन्ही विनामूल्य आहेत आणि चोवीस तास चालू असतात. हे दोन क्रमांक प्रयोगाच्या आधीच दारावर मोठ्या अक्षरांत लावून ठेवावेत आणि चिठ्ठीच्या मागच्या बाजूला छापावेत, म्हणजे कोणीही न विचारता ते खिशात घालून घरी नेऊ शकेल.

चिठ्ठ्यांपैकी एखादीवर स्वतःला इजा करण्याचा उल्लेख आढळला, तर ती मोठ्याने वाचू नये. मोठ्याने वाचण्याआधी संयोजकाने चिठ्ठ्या एकदा नजरेखालून घालाव्यात, असे मी म्हणतो ते यासाठीच. अक्षरावरून मूल ओळखण्याचा खटाटोप सर्वांसमोर करू नये. त्या बैठकीतच मदतवाहिनीची माहिती पुन्हा एकदा सर्वांना मिळून सांगावी आणि त्या वयाच्या सर्व मुलांच्या पालकांना, कोणाचेही नाव न घेता, त्याच दिवशी सावध करावे.

नोंद कशी ठेवावी

प्रतिक्रियांची नोंद त्याच रात्री लिहावी, कारण दुसऱ्या दिवशी आपण नकळत त्या नीटनेटक्या करू लागतो. वरती तारीख, चित्रपटाचे नाव, प्रमाणपत्राचा वर्ग आणि साधारण उपस्थिती लिहावी. त्याखाली वाक्ये जशी बोलली गेली तशी, हिंदी असेल तर हिंदीत, शिवी असेल तर शिवीसह उतरवावीत. "मुलांना चित्रपट भावला" असे सारांशाचे वाक्य लिहू नये. कोणत्या मुलाला कोणता प्रसंग भावला, आणि दुसऱ्याला तोच का पटला नाही, ते लिहावे. पंचवीस जणांच्या बैठकीतून टक्केवारी काढू नये. तिला अर्थ नसतो, पण ती कागदावर आली की लोक तिच्यावर विश्वास ठेवतात. संयोजकाचे स्वतःचे मत वेगळ्या पानावर असावे.

अठरा वर्षांखालील कोणाचेही नाव, शाळा, कॉलनी किंवा ओळख पटेल असा तपशील या वहीत नसावा. नोंदीचे छायाचित्र मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नये, एखादे वाक्य कितीही सुंदर असले तरी. मूळ चिठ्ठ्या नोंद पूर्ण झाल्यावर फाडून टाकाव्यात आणि तसे करणार असल्याचे मुलांना आधी सांगावे. पुढचा चित्रपट ठरवण्यापूर्वी वही काढून तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे पुन्हा वाचावीत. मुलांना जे खोटे वाटले होते, ते ज्यात खरे दिसते असा चित्रपट शोधावा, आणि शोधणाऱ्यांत निदान दोन जण अठराच्या आतील असावेत.